दहाची सभा

जयाबाई ढोके एसटीत कंडक्टर होत्या. निवृत्त होऊन चार वर्षं झाली, पण त्यांचा आवाज अजून नोकरीवरच आहे. सकाळी अंगणात उभ्या राहून त्या सुनेला, भूमिकाला, दूध उतू गेलं का म्हणून विचारतात, तेव्हा भिंतीपलीकडे मी माझ्या दुधाकडे धावते. नागपुरात रामदासपेठेतला फ्लॅट विकून मी जरीपटक्याच्या पुढे या समन्वय लेआउटमध्ये राहायला आले, त्या दिवशी सामानाचा ट्रक गल्लीत मागे घ्यायला ड्रायव्हरला काही केल्या जमत नव्हतं. शेजारच्या फाटकातून एक बुटक्या, जाड चष्म्याच्या बाई बाहेर आल्या, ट्रकच्या पत्र्यावर दोन थापा मारल्या आणि पाच मिनिटांत गाडी माझ्या दाराशी लावून दिली. मग मला म्हणाल्या, चहा ठेवला आहे, चला. मी नको म्हटलं, ते त्यांनी ऐकलंच नाही. आमची मैत्री अशी माझ्या परवानगीशिवाय झाली.

मी बँकेत नोकरी केलेली बाई. लोक काचेच्या पलीकडे असलेले मला बरे. जयाबाईंची सगळी नोकरी लोकांच्या मधोमध उभं राहून गेली. नागपूर, कळमेश्वर, काटोल हा त्यांचा रस्ता. संत्र्यांच्या पेट्या घेऊन चढणारे शेतकरी, कळमेश्वरच्या कारखान्यांतले कामगार, कॉलेजची पोरं, दुपारीच पिऊन आलेले, सुटे नसलेले आणि सुटे असून नाही म्हणणारे, असे सगळे त्यांनी सांभाळले. पस्तिशीत ही नोकरी लागली. नवरा लहानूजी छापखान्यात होते. बायकोने खाकी घालून बसमध्ये चढावं हे घरात दोघांनाच पसंत होतं, आणि त्या दोघांत सासूबाई नव्हत्या. लहानूजी गेल्यावर घर आणि त्याबरोबर सोसायटीचं सभासदत्व जयाबाईंच्या नावावर आलं.

त्यांच्यात दोष नाहीत असं मुळीच नाही. पोटात काही राहत नाही. समोरचा बहिरा आहे असं धरूनच बोलतात. माझ्या वांग्याच्या भाजीवर गेली नऊ वर्षं त्यांचे शेरे चालू आहेत. पण उभा माणूस आणि रिकामी खुर्ची त्यांना एका जागी बघवत नाही. माझ्या डोळ्याच्या ऑपरेशनला त्या सोबत आल्या होत्या. दवाखान्यात पेशंटांची आणि नातेवाइकांची नुसती गर्दी झाली होती. जयाबाईंनी म्हाताऱ्यांना आधी बसवलं, धडधाकट नातेवाइकांना उठवलं, आणि दार अडवून उभ्या असलेल्या एका भारदस्त गृहस्थांना पुढे सरका म्हटलं. ते निमूट सरकले. पुढे कळलं की ते तिथले डॉक्टरच होते.

तर ही समन्वय गृहनिर्माण सोसायटी. रेल्वेतल्या, पोस्टातल्या, गिरणीतल्या लोकांनी मिळून कधीकाळी जमीन घेतली, प्लॉट पाडले, घरं बांधली. बौद्ध आहेत, सिंधी आहेत, कोष्टी आहेत, तेली-कुणबी आहेत, आता माझ्यासारख्या बाहेरून आलेल्याही आहेत. दोनशेच्या आसपास सभासद. मधोमध एक मोठी जागा शाळेसाठी म्हणून सोसायटीने स्वतःच्या नावावर ठेवली होती. शाळा झाली नाही, मैदान झालं. पोरं तिथे क्रिकेट खेळतात, बायका पहाटे फेऱ्या मारतात, उन्हाळ्यात कुरड्या वाळतात. जयंतीचं जेवण तिथे, गणपती तिथे, कुणाच्या घरी मयत झाली तर माणसं बसायला मांडवही तिथेच. भूमिका लग्न होऊन आली तेव्हा तिला सायकलसुद्धा येत नव्हती. जयाबाईंनी तिला याच मैदानावर स्कूटर शिकवली, स्वतःला येत नसताना.

आता आमच्या सभेचं सांगते. वार्षिक सभा सप्टेंबरात असते. नोटिशीवर वेळ दहाची. खाली एक ओळ छापलेली असते की, कोरम न झाल्यास सभा तहकूब होईल, अर्ध्या तासाने त्याच जागी भरेल आणि तिला कोरमचं बंधन राहणार नाही. ही ओळ अडीअडचणीच्या वेळेसाठी असावी. आमच्याकडे तोच रिवाज होऊन बसला. दहाला सोसायटीच्या समाजभवनात फक्त अध्यक्ष असतात. साडेदहाला कमिटी आणि तिचे मित्र येतात, दहाबारा जणांत सगळे विषय मंजूर होतात. साडेअकराला तर्री-पोहे येतात आणि त्यांच्या वासावर सभासद येतात. मग प्लेट हातात घेऊन सोसायटीचा कारभार कसा रसातळाला चालला आहे यावर तासभर उत्तम चर्चा होते. मीही त्या चर्चेत चांगली बोलते. ज्याला पोह्यांच्या आधी यायचं असेल तो साडेदहाला येतो, आणि त्याला वाटतं आपण वेळेवर आलो. दहा वाजता कुणी जात नाही.

अध्यक्ष नत्थूजी बारापात्रे. वय ऐंशीला टेकलेलं, तहसील कचेरीत मोठे बाबू होते, अजूनही सदऱ्याच्या खिशाला दोन पेनं. बावीस वर्षं तेच अध्यक्ष आहेत. त्यांनी सोसायटीत काही खाल्लं असं त्यांचा वैरीही म्हणणार नाही. हसताना मात्र त्यांना कुणी पाहिलेलं नव्हतं. गेल्या वर्षी फेब्रुवारीत त्यांच्या कमिटीने सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळवलं की मैदान तीस वर्षांच्या करारावर एका लॉनवाल्याला द्यायचं ठरत आहे, विषय सप्टेंबरच्या सभेत येईल. नागपुरात रिकामी जागा दिसली की लॉन उभं राहतं. नाव हिरवळीचं, काम लग्नाचं. भिंत, कमान, दिवे, जनरेटर आणि कानठळ्या बसवणारा डीजे. ग्रुपवर या बातमीला कुणी दोन रडके चेहरे टाकले, कुणी हात जोडले, आणि त्याखाली लगेच कुणाच्या तरी नातवाच्या वाढदिवसाचा फोटो आला.

जयाबाई मात्र पेटल्या. मैदान त्यांच्या दारासमोर आहे हे खरं, पण नुसतं तेवढं नव्हतं. त्यांना निवृत्तीनंतर पहिल्यांदा सकाळ मिळाली होती. वीसेक वर्षं पहाटे डेपोत हजर राहिलेली ही बाई आता पहाटे मैदानावर आठदहा बायकांना घेऊन फिरायची. कुणाची सून नीट बोलत नाही, कुणाच्या गुडघ्याला तेल कुठलं, सगळं तिथेच निघायचं. भिंत झाली की हे संपणार होतं, आणि दुसरी जागा अख्ख्या लेआउटमध्ये नव्हती. त्या थेट नत्थूजींकडे गेल्या आणि विचारलं की सप्टेंबरच्या आधी सभा घेता येईल का. नत्थूजींनी नियम सांगितला. सभासदांपैकी एक पंचमांशांनी लेखी मागणी केली तर विशेष सभा बोलवावीच लागते. जयाबाई आठ दिवसांत सह्या घेऊन परत आल्या. नत्थूजींनी एप्रिलमधल्या एका रविवारची नोटीस काढली. वेळ दहाची. ग्रुपवर त्या नोटिशीखाली इतके अंगठे उमटले की मोबाइल सारखा थरथरत होता.

त्या रविवारी आम्ही पावणेदहालाच समाजभवनात गेलो. जयाबाईंनी खुर्च्या सरळ केल्या, पंखे लावले, माठ भरला. दहा वाजले तेव्हा आम्ही अकरा जण होतो. कोरम चाळीसचा. नत्थूजींनी विचारलं, बाई, लोकं? जयाबाई निर्धास्त होत्या, म्हणाल्या, येतात न साडेदहाले. नत्थूजींनी एकदा त्यांच्याकडे, एकदा हातातल्या नोटिशीकडे पाहिलं आणि गप्प बसले. ठीक साडेदहाला ते उभे राहिले आणि म्हणाले की कोरम झालेला नाही, सबब ही सभा रद्द. आम्हाला वाटलं त्यांची जीभ घसरली, तहकूब म्हणायचं असेल. त्यांनी नोटीस पुढे केली. नेहमीच्याच जागी, नेहमीच्याच अक्षरांत त्यावर लिहिलं होतं की, सभासदांच्या मागणीवरून बोलावलेली सभा कोरमअभावी तहकूब होत नाही, रद्द होते. ती ओळ सगळ्यांच्या डोळ्यांखालून गेली होती. तिथे काय लिहिलेलं असतं हे आम्हाला पाठ होतं, म्हणून आमच्यापैकी एकानेही ती वाचली नव्हती.

आणि खिडकीतून दिसत होतं, लोक येत होते. खूप येत होते. उन्हासाठी डोक्याला दुपट्टे बांधून, कुणी छत्री घेऊन, गप्पा मारत, वेळेवर निघाल्याच्या समाधानात येत होते. दहा मिनिटांत समाजभवनात साठसत्तर माणसं झाली आणि त्यांना कळलं की सभा होऊन, म्हणजे न होऊन, गेली. मग जो गोंगाट झाला तो विचारू नका. म्हाताऱ्याने डाव साधला, लॉनवाल्याशी आतून ठरलेलं आहे, पकडा त्याला. एक जण नत्थूजींच्या हातातला कागद ओढायला गेला. तेव्हा जयाबाई मध्ये उभ्या राहिल्या.

"ओरडू नका. नत्थूजी बरोबर हायेत," त्या म्हणाल्या. "कागदावर लिवून होतं, आपण वाचलं नाही. गाडी टायमावर सुटली, आपणच स्टँडवर नव्हतो."

लोकांना हे अजिबात आवडलं नाही. जिने त्यांना बोलावलं तीच त्यांना चूक म्हणत होती. घरी जाताना काही जण मुद्दाम आम्हाला ऐकू येईल असं बोलले, की कंडक्टरबाईंना सभा घ्यायची हौस, नियमाचा पत्ता नाही. त्यांतल्या एकाने नोटिशीवर तीन अंगठे टाकले होते. मला इतका संताप आला की घरी आल्यावर मी ग्रुपच सोडला. जयाबाईंनी सोडला नाही. पण दुसऱ्या दिवशी पहाटे त्या मैदानावर आल्या नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. भिंतीपलीकडून आवाज येत नव्हता. शेवटी मीच गेले. त्या पलंगावर बसून लसूण सोलत होत्या.

"काहून वं, सांत्वनाले आली का?" त्यांनी विचारलं. मग लसूण बाजूला ठेवून म्हणाल्या, "मले लोकाइचा राग नाही आला. मीबी साडेदहाचंच धरून होती न. आपल्या सगळ्याइलेच तशी आदत पडली. ते मैदान आता जाते बघ."

डोळे पुसले त्यांनी. मी लसूण सोलायला घेतला. अर्ध्या तासाने त्या उठल्या, साडी बदलली आणि मला म्हणाल्या, चल, नत्थूजीकडे जाऊ.

मला वाटलं भांडायला निघाल्या. मी खूश झाले आणि दोन चांगली वाक्यं मनात तयारही केली. ती वाया गेली. नत्थूजी एकटेच राहतात, मुलगा बंगळुरूला. त्यांनी आम्हाला खुर्च्या दिल्या आणि स्वतः पाणी आणलं. जयाबाईंनी सरळ विचारलं की त्या दिवशी दहा वाजता तुम्हाला दिसत होतं, मग आम्हाला सांगितलं का नाही. ते म्हणाले की नोटिशीवर होतं, आणि मी तोंडाने सांगितलं असतं तर लोक म्हणाले असते, बुढा सभा टाळून राहिला. लॉनचं विचारलं तर त्यांनी कसलाही आव न आणता सांगितलं. नाल्या फुटल्या आहेत, मागच्या गल्लीत पाणी घरात शिरतं, दिवे बंद आहेत, चौकीदार टिकत नाही. लॉनवाला हे सगळं करून देतो म्हणतो. दुसरं कोण करणार?

"बाई, मले काही हौस नाही," ते म्हणाले. "बावीस वर्षं झाले, मी खुर्च्याइले अहवाल वाचून दाखवून राहिलो. खुर्च्या काही विचारत नाहीत."

मी नत्थूजींना ओळखत होते ते कडक कॉलरवरून. त्या दिवशी पहिल्यांदा मला ते थकलेले दिसले. जयाबाईंनी पाणी संपवलं आणि पेला खाली ठेवला.

"औंदा मी खुर्च्या भरून आणते," त्या म्हणाल्या. "मैदान गेलं तं गेलं. पण भरल्या सभेत जाऊ द्या."

त्यानंतर त्यांनी जे केलं ते त्यांच्याशिवाय कुणाला सुचलं नसतं. त्यांनी लोकांना सभेला या म्हणणंच सोडून दिलं. त्यांचं म्हणणं असं की दहा वाजता कुठेतरी पोचायचं असलं की माणूस दहाला घरातून निघतो. पण दारावरून गाडी जाणार असली की तोच माणूस आधीपासून कोपऱ्यावर उभा असतो. वीसेक वर्षं त्यांनी हेच पाहिलं होतं. म्हणून त्यांनी लेआउटचा रस्ता आखला. मागच्या नाल्याजवळची शेवटची गल्ली ते समाजभवन. वाटेत प्रत्येक गल्लीच्या तोंडाशी एक थांबा. कुठे पिंपळ, कुठे पाण्याची टाकी, कुठे ओमप्रकाशचं किराणा दुकान. प्रत्येक थांब्याची वेळ ठरलेली. ऑगस्टच्या पहिल्या रविवारपासून त्या या रस्त्याने चालायला लागल्या. सभेचं नाव नाही, नुसतं चालायचं.

पहिल्या रविवारी त्या, भूमिका आणि मी. लोक फाटकातून पाहत होते. मला लाज वाटत होती, हे सांगून टाकते. पिंपळाखाली आम्ही दोन मिनिटं थांबलो आणि निघालो. एका गृहस्थांनी मागून हाक मारली, थांबा, चप्पल घालतो. जयाबाई थांबल्या नाहीत. मी म्हटलं, अहो, बिचारा येत होता. त्या म्हणाल्या, पुढच्या हप्त्यात चप्पल घालून उभा राहील. राहिला. दुसऱ्या रविवारी आम्ही बारातेरा झालो, तिसऱ्याला तर रस्ता भरून. आणि चालणारी माणसं गप्प थोडीच राहतात? मागच्या गल्लीतल्या बायकांनी फुटलेली नाली दाखवली, त्या पाण्याची खूण भिंतीवर कुठवर आहे ते दाखवलं. पुढच्या गल्लीतल्या लोकांनी ती गल्ली कित्येक वर्षांत पाहिली नव्हती. मीही पाहिली नव्हती. आपण एकाच सोसायटीत राहतो हे बऱ्याच जणांना त्या चालण्यात कळलं.

ओमप्रकाशच्या दुकानाशी थांबा ठेवला तेव्हा मात्र माझं आणि जयाबाईंचं वाजलं. ओमप्रकाश उघडपणे लॉनच्या बाजूने होता. लग्नं आली की त्याचं दुकान चालणार. तो एकटा नव्हता, त्याच्या गल्लीत बरेच जण तसेच. मी म्हटलं, आपल्याविरुद्ध हात वर करणारी माणसं आपणच गोळा करून न्यायची, हा कुठला शहाणपणा? त्या माझ्याकडे पाहतच राहिल्या.

"तो सभासद हाय न?" त्या म्हणाल्या. "मंग त्याले गाडीत न घेता खाली कसं ठेवू वं मी?"

थांबा तिथेच राहिला.

सप्टेंबरात सभेची नोटीस निघाली. जयाबाईंनी ती प्रत्येक थांब्यावर उभं राहून मोठ्याने वाचली, खालच्या ओळीसकट. सभेच्या दिवशी सकाळी आभाळ भरून होतं. शेवटच्या गल्लीतून आम्ही निघालो तेव्हा त्या माझा हात घट्ट धरून होत्या. पण प्रत्येक कोपऱ्यावर माणसं उभी होती. म्हातारे काठी घेऊन, नोकरदार सुट्टीच्या कपड्यांत, बायका पदर खोचून. ओमप्रकाश शटर ओढून, आपल्या गल्लीला घेऊन, फुटपाथवर तयार होता. पावणेदहाला आम्ही समाजभवनाशी पोचलो. नत्थूजी नेहमीप्रमाणे एकटे टेबलाशी बसले होते. आत शिरणारी माणसं पाहून ते उभे राहिले, आणि लोक बसून होईपर्यंत उभेच राहिले. खुर्च्या पुरल्या नाहीत. जयाबाईंनी पोराटोरांच्या बापांना खिडक्यांत बसवलं. घड्याळात दहा वाजले तेव्हा नत्थूजींनी कोरम झाल्याचं जाहीर केलं, आणि ते वाक्य बोलायची सवय नसल्यामुळे मध्येच अडखळले.

मैदानाचा विषय तिसरा होता. ओमप्रकाश पहिला बोलला, आणि छान बोलला, हे मला कबूल करायला जड जातं. तो म्हणाला, मैदानपे हमारे बच्चे भी खेळतात, मले काय आनंद होते काय? पण मागच्या गल्लीत पाणी भरते, दहा वर्षांत कोणी काही केलं का? लॉनवाला करून देऊन राहिला तर घेऊ. टाळ्या पडल्या. जयाबाई उठल्या तेव्हा मी मनात म्हटलं, आता छताचे पत्रे हलतील. त्या अगदी हळू बोलल्या. पाणी भरते हे खरं, त्या म्हणाल्या, आणि ते आपण आताच पाहिलं. पण नाल्या फुटल्या म्हणून अंगण विकायचं का? नाल्या आपण दुरुस्त करू, झेपलं नाही तर पुढच्या वर्षी मीच लॉनचा ठराव मांडीन. एवढंच बोलून बसल्या. मग हात वर झाले. मोजायला वेळ लागला, कारण दोन्हीकडे भरपूर हात होते. जयाबाईंच्या पहाटेच्या मंडळातल्या दोघींचेही हात लॉनकडे गेले. मी ती नावं लक्षात ठेवली आहेत, जयाबाईंनी नाहीत. लॉनचा ठराव पडला. मैदान राहिलं.

एकच जल्लोष झाला. कुणीतरी जयाबाईंच्या डोक्यावर फुलं टाकली, पोरं बाहेर पळाली, माणसं उठली, खुर्च्या सरकल्या. काम झालं होतं. अर्धं समाजभवन दाराकडे निघालं. टेबलाशी नत्थूजींनी चष्मा पुसला, पुढचा कागद उघडला, आणि उठणाऱ्या पाठींकडे न पाहता वाचायला सुरुवात केली. विषय क्रमांक चार, मागील वर्षाचा अहवाल. त्यांना सवय होती. जयाबाईंनी ते पाहिलं. त्या गर्दीतून वाट काढत दाराशी गेल्या आणि दारात उभ्या राहिल्या.

"कुठं चालले? सभा संपली काय?" त्या म्हणाल्या. आता तो आवाज त्यांचा होता. "मैदान वाचवायले आले, अन् नाल्या कोण ऐकणार? बसा सगळे."

माणसं घुटमळली. मग एक बसला, दुसरा बसला. ओमप्रकाश हरूनही जागचा उठलाच नव्हता. नत्थूजींनी मान वर करून पाहिलं, पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागले. अहवाल कंटाळवाणा होता, सगळेच अहवाल असतात. दिवे, चौकीदार, झाडांच्या फांद्या. शेवटी, नाल्यांची दुरुस्ती पुढील वर्षी करण्याचे योजिले आहे. ओमप्रकाशने हात वर केला.

"अध्यक्षजी, तुमी सांगा, हे काम आजवर काहून नाही झालं?"

नत्थूजींनी कागद खाली ठेवला. दोन्ही हात टेबलावर टेकले. मला वाटलं आता ते चिडणार, नियम काढणार.

"मले एकट्याले नाही जमलं," ते म्हणाले. "बावीस वर्षांत हे सांगायचंच राहून गेलं. कोणी विचारलं नाही."

आणि ते रडले. ऐंशीचा माणूस, खिशाला दोन पेनं लावलेला, भरल्या सभेत रडला, आणि कुणी हसलं नाही. जयाबाई दारातून टेबलापाशी आल्या. त्यांना थोपटल्याशिवाय राहवेना, पण सभा होती, म्हणून त्या टेबलाच्या कोपऱ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या की नालीच्या कामाला माझं नाव लिहा. नत्थूजींनी खिशातलं पेन काढलं. ओमप्रकाशने बसल्या जागेवरून आपलं नाव सांगितलं. मागच्या गल्लीतल्या एका बाईंनी सांगितलं. मग नावं येत गेली आणि नत्थूजी खाली मान घालून लिहीत राहिले. चौथं नाव माझं आहे. ते मी दिलं नव्हतं. जयाबाईंनी परस्पर देऊन टाकलं, आणि मी ते खोडायला सांगितलं नाही.